वाळायच्या घाईतली फुलं

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये, असं आपल्याकडे म्हणतात. कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकने रंगवलेल्या गुलाबाला हा नियम लावला, तर मात्र सगळी गंमत हुकेल. या गुलाबाच्या वंशावळीत चामडं कमावणारे आहेत, लढाऊ विमानांच्या काचा घडवणारे आहेत, भिंती रंगवणारे मेक्सिकन कम्युनिस्ट आहेत आणि घरांना रंग देणारे अमेरिकन रंगारीही आहेत. चित्रकार या गोतावळ्यात उशिरा आला. फूल तर त्याच्याही नंतर.

आज कुठल्याही बऱ्या स्टेशनरीच्या दुकानात फ्रेमवर ताणलेला कॅनव्हास, बारा ट्यूबांचा संच आणि दोन-तीन ब्रश मिळतात. ते घेऊन कुणी शाळकरी मुलगी किंवा बँकेतून निवृत्त झालेले काका रविवारी सकाळी बसतात आणि दुपारच्या जेवणाआधी जास्वंदीचं चित्र भिंतीवर लागलेलं असतं. या सोयीला जेमतेम सत्तर वर्षं झाली आहेत. त्याआधी कॅनव्हासवर फूल काढायचं, तर रंगाइतकाच वेळ लागायचा, आणि तो कुठल्या दुकानात मिळत नसे.

तेलातली फुलं

तैलरंगात रंगद्रव्य बांधून ठेवतं ते बहुधा जवसाचं तेल. हे तेल उडून जात नाही. हवेतला ऑक्सिजन शोषून ते हळूहळू घट्ट होतं. पातळ थराला काही दिवस लागतात, जाड थराला काही महिने. फुलांच्या चित्रकाराला हा संथपणा मानवायचा. पाकळीच्या कडेचा गडद गुलाबी रंग मधल्या फिक्या रंगात विरवत न्यायला त्याला अख्खा दिवस मिळे, दुसऱ्या दिवशीही रंग थोडा ओला असे.

अठराव्या शतकातला यान व्हान हाउसम हा डच चित्रकार या संथ घराण्याचा मुकुटमणी. त्याच्या चित्रात ट्यूलिप आणि गुलाब एकाच कुंडीत दिसतात, पण प्रत्यक्षात ती एका ऋतूतली फुलं नव्हेत. प्रत्येक फूल समोर ठेवूनच रंगवायचं, असा त्याचा बाणा होता. म्हणून तो ज्या त्या फुलाच्या हंगामाची वाट पाहायचा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या एका पुष्पचित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत. १७४२ मध्ये एका गिऱ्हाइकाला त्याने कळवलं की चित्र अडलं आहे, कारण आदल्या वर्षी त्याला पिवळा गुलाबच मिळाला नाही.

दीडशे वर्षांनी व्हिन्सेंट व्हॅन गॉग आला. त्याला वाट पाहणं जमणारं नव्हतं, पण तेलाने त्यालाही सोडलं नाही. मे १८९० मध्ये सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातून निघताना शेवटच्या दिवसांत त्याने आयरिस आणि गुलाबांची चार मोठी चित्रं झपाट्याने काढली. निघायचा दिवस आला तेव्हा रंग ओला होता. चित्रं तिथेच वाळत ठेवून तो गेला आणि ती मागाहून त्याच्याकडे पाठवण्यात आली. त्या गुलाबांचं पुढे आणखी एक झालं. त्यांच्यात इओसिनपासून बनवलेला तांबडा रंग होता. दिसायला झगझगीत, पण उजेडापुढे न टिकणारा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधले त्याचे गुलाब आज जवळजवळ पांढरे दिसतात. काढले तेव्हा ते गुलाबी होते.

तेलातल्या फुलांची दुखणी अशी दोन: रंग वाळत नाही आणि काही रंग टिकत नाहीत. दोन्हींवरचा उतारा पुढे सापडला, पण तो शोधणाऱ्यांच्या मनात फुलं नव्हती.

चामड्याच्या पैशावर

१९०१ मध्ये जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात ऑटो र्‍योम या तरुणाने अ‍ॅक्रिलिक आम्लापासून होणाऱ्या पॉलिमरांवर प्रबंध लिहिला. प्रयोगशाळेत रबरासारखे, काचेसारखे पारदर्शक पदार्थ तयार होत होते. त्यांचं करायचं काय, हे मात्र ठरेना. र्‍योमने पोटासाठी दुसरीच वाट धरली.

त्या काळी कातडी कमावताना ती मऊ करण्यासाठी कुत्र्याची विष्ठा आंबवून वापरत. हे काम किती ओंगळ असेल, ते सांगायला नको. त्या विष्ठेतलं पाचक द्रव्यच काम करत असणार, असं धरून र्‍योमने जनावरांच्या स्वादुपिंडातल्या विकरांपासून 'ओरोपॉन' नावाचं स्वच्छ औषध तयार केलं. ते विकण्यासाठी १९०७ मध्ये ऑटो हास या मित्राबरोबर एसलिंगनला कंपनी काढली. दोन वर्षांत कंपनी डार्मश्टाटला गेली आणि हास अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन बसला. चामड्याच्या धंद्यात पैसा मिळाला आणि त्या पैशावर र्‍योम आपल्या जुन्या प्रबंधाकडे परतला. १९३३ मध्ये 'प्लेक्सिग्लास' हे नाव नोंदलं गेलं. काचेसारखं आरपार दिसणारं आणि काचेहून हलकं असं हे अ‍ॅक्रिलिकचं फळकूट दुसऱ्या महायुद्धात दोन्ही बाजूंच्या विमानांना लागलं. जर्मन आणि अमेरिकन कंपन्या तोवर वेगळ्या झाल्या होत्या, आणि एकाच कुळातल्या दोन शाखा समोरासमोरच्या विमानांना झाकणं पुरवत होत्या.

युद्ध संपलं तशी विमानांची मागणी आटली. अमेरिकेत मात्र सैनिक घरी परतत होते, उपनगरं वसत होती आणि नव्या घरांना रंग हवा होता. तेलाच्या रंगाला टर्पेंटाइन लागे, वास दिवसेंदिवस जात नसे. पाण्यात मिसळणारा, लवकर वाळणारा आणि उन्हापावसात टिकणारा रंग कुणी दिला असता तर हवाच होता. १९५३ मध्ये फिलाडेल्फियाच्या र्‍योम अँड हासने 'र्‍होप्लेक्स एसी-३३' हे इमल्शन बाजारात आणलं. एथिल अ‍ॅक्रिलेट आणि मिथिल मेथाक्रिलेट यांच्या संयोगाचं हे दुधाळ द्रव्य घरांच्या भिंतींसाठीच केलेलं होतं.

ते काम कसं करतं, हे कळायला आपल्या घरातला फेव्हिकॉल पुरेसा आहे. त्याचं रसायन वेगळं, पण रीत तीच. डब्यात तो पांढरा असतो, वाळला की पारदर्शक. अ‍ॅक्रिलिकच्या इमल्शनमध्ये मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे प्लास्टिकचे कण पाण्यात तरंगत असतात. एकमेकांना चिकटू नयेत म्हणून साबणासारखं द्रव्य घातलेलं असतं. पाणी उडालं की कण जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि त्यांचा एकसंध लवचीक पापुद्रा बनतो. रंगद्रव्य त्या पापुद्र्यात अडकून बसतं. एकदा पापुद्रा झाला की पाण्याने तो पुन्हा विरघळत नाही. शाळेतल्या पोस्टर कलरवर ओला ब्रश फिरवला की खालचा रंग उठून येतो. इथे तो उठत नाही. तेलाच्या पातळ थरालाही दिवस लागायचे, इथे पातळ थराला पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

भिंतीवरून कॅनव्हासवर

कारखान्यातला रंग उचलून चित्रात वापरायची खोड मात्र एसी-३३च्या आधीपासूनची, आणि तिचा उगम मेक्सिकोतला. क्रांतीनंतर तिथल्या चित्रकारांना सरकारी इमारतींच्या भिंती मिळाल्या. डेव्हिड आल्फारो सिकेरोस हा त्यांतला सर्वांत आक्रमक गडी. जुन्या पद्धतीची ओल्या चुन्यावरची भित्तिचित्रं बाहेरच्या उन्हापावसात टिकत नव्हती, आणि कामगारांसाठी काढलेलं चित्र रस्त्यावरच असायला हवं, हा त्याचा हट्ट होता. मग त्याने मोटारींना मारायचा 'ड्यूको' हा नायट्रोसेल्युलोजचा लॅकर घेतला, फवारणीची बंदूक घेतली आणि १९३६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोगशाळाच उघडली. तिथे रंग ओतत, उडवत, ठिबकवत. तिथे येणाऱ्या तरुणांत जॅक्सन पोलॉकही होता.

मेक्सिकोतला होसे गुटिएरेस हा या मंडळींतला रसायनाकडे ओढा असलेला माणूस. १९४५ मध्ये मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय पॉलिटेक्निक संस्थेत त्याने चित्रकारांसाठी नव्या रंगांची कार्यशाळा सुरू केली. प्लास्टिकच्या रेझिनांत रंगद्रव्य घोटायचं, ते भिंतीवर लावून उन्हात तपासायचं, हे तिथलं काम. १९५६ मध्ये त्याने भित्तिचित्रापासून प्लास्टिकपर्यंतच्या रंगसाहित्यावर पुस्तक लिहिलं. त्याच दशकात 'पोलिटेक' नावाने त्याचे अ‍ॅक्रिलिक रंग विकले जाऊ लागले.

न्यूयॉर्कमध्ये लिओनार्ड बोकूर आणि त्याचा भाचा सॅम गोल्डन हाताने घोटून चित्रकारांसाठी तैलरंग बनवत. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी अ‍ॅक्रिलिकचं मधासारखं दाट रेझिन घेऊन 'मॅग्ना' हा रंग काढला. चित्रकाराच्या हाती आलेला अ‍ॅक्रिलिक रंग म्हणजे हा मॅग्ना. पण तो पाण्याचा नव्हता, त्याला टर्पेंटाइन लागे. आणखी एक खोट होती: नव्या थरातलं टर्पेंटाइन खालचा वाळलेला थर पुन्हा मऊ करी.

वॉशिंग्टनच्या मॉरिस लुईसने हाच मॅग्ना पातळ करून कच्च्या, अस्तर न दिलेल्या कॅनव्हासवर वाहवला. तेल कच्च्या कापडात मुरलं की कापड कालांतराने कुजतं, म्हणून तैलचित्राआधी कॅनव्हासला सरस आणि अस्तर द्यावं लागे. अ‍ॅक्रिलिकला ती भीती नव्हती. रंग थेट कापडाच्या धाग्यांत शिरला. १९५९-६० च्या सुमाराची लुईसची एक चित्रमाला 'फ्लोरल्स' म्हणून ओळखली जाते. पसरत गेलेल्या पाकळ्यांसारखे रंगांचे पदर त्यात आहेत. फूल म्हणून बोट दाखवावं असं त्यात काहीच नाही, तरी त्या चित्रांना तेच नाव चिकटलं.

घरांसाठीच्या पाण्यातल्या रंगाची आणि चित्रकाराच्या ट्यूबची गाठ घातली ती सिनसिनाटीच्या हेन्री लेविसनने. 'पर्मनंट पिगमेंट्स' ही त्याची तैलरंगांची कंपनी. १९५५ मध्ये त्याने पाण्यात मिसळणारा 'लिक्विटेक्स' आणला. सुरुवातीला तो बराच पातळ होता. तैलरंगाच्या लोण्यासारख्या दाटपणाला सरावलेल्या चित्रकारांना तो रुचेना. १९६३ मध्ये दाट, ब्रशचा फटकारा जसाच्या तसा धरून ठेवणारा प्रकार ट्यूबमध्ये आला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये राउनी कंपनीने 'क्रायला' हे अ‍ॅक्रिलिक रंग काढले. अस्तरासाठी सशाच्या कातडीचा सरस शिजवत बसण्याची गरजही संपली. त्याची जागा डब्यातल्या अ‍ॅक्रिलिक जेसोने घेतली.

वॉरहॉलची जास्वंद

आता फुलांकडे. अ‍ॅक्रिलिकच्या पहिल्या दहा वर्षांत या रंगातून जन्मलेलं सर्वांत गाजलेलं फूल कोणतं, असं विचारलं तर उत्तर आपल्या परसातलं निघतं. जास्वंद.

जून १९६४ च्या 'मॉडर्न फोटोग्राफी' मासिकात पॅट्रिशिया कॉलफील्ड यांनी काढलेलं जास्वंदीच्या फुलांचं छायाचित्र छापून आलं होतं. रंगीत फोटो धुण्याच्या नव्या यंत्रावरचा तो लेख, म्हणून एकच फोटो वेगवेगळ्या रंगछटांत छापला होता. अँडी वॉरहॉलने तो उचलला, कापून चार फुलं चौकोनात बसवली, बारकावे उडवून छायाप्रकाश ठळक केला आणि त्याची रेशमी जाळी, म्हणजे स्क्रीन, करून घेतली. कॅनव्हासवर आधी अ‍ॅक्रिलिकच्या सपाट रंगांनी फुलं भरायची, वरून पार्श्वभूमीच्या गवताचा काळा ठसा मारायचा. फुलं कधी पिवळी, कधी निळी, कधी जांभळी. नोव्हेंबर १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ कॅस्टेली गॅलरीत ही फुलं भिंतीभर लागली आणि पुढच्या वर्षी पॅरिसला गेली.

अमेरिकन समीक्षकांनी त्या वेळी त्यांना अ‍ॅनिमोन म्हटलं, पॅन्सी म्हटलं. गणपतीच्या पूजेची परडी भरणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही ती चूक झाली नसती. चित्रं चौकोनी होती, त्यामुळे वर-खाली असं काही ठरलेलं नव्हतं. चारांपैकी कुठल्याही बाजूने टांगली तरी चालत. कॉलफील्ड यांनी १९६६ मध्ये दावा लावला आणि अखेर तडजोड झाली.

व्हान हाउसमने एका पिवळ्या गुलाबासाठी वर्ष घालवलं होतं. वॉरहॉलच्या कारखानावजा स्टुडिओत मदतनिसांच्या हातांनी फुलांचे ठसे एकामागून एक पडत होते, आणि ते शक्य झालं ते खालचा रंग लगेच वाळत होता म्हणून. ओल्या तैलरंगावर स्क्रीन ठेवली असती तर सगळा चिखल झाला असता. त्या चित्रांतला सपाटपणा, कडांचा धारदारपणा आणि एका फुलाच्या शेकडो आवृत्त्या, हे सगळं या रंगाच्या अंगचं होतं. लॉस एंजलिसला गेलेला डेव्हिड हॉकनीही त्याच काळात तैलरंग सोडून अ‍ॅक्रिलिककडे वळला. तिथल्या लख्ख उन्हाला आणि पोहण्याच्या निळ्याशार तलावांना हा सपाट, स्वच्छ रंग शोभला. १९६७ चं 'अ बिगर स्प्लॅश' हे त्यातलं सर्वांत प्रसिद्ध चित्र.

पाकळी कशी करायची?

ज्यांना सपाट फूल नको होतं, पाकळीची गोलाई हवी होती, त्यांची मात्र पंचाईत झाली. गडद छटा फिक्या छटेत विरवायला जावं, तर तेवढ्यात दोन्ही वाळलेल्या. शिवाय ओलेपणी पांढुरकं दिसणारं इमल्शन वाळताना पारदर्शक होतं, त्यामुळे रंग वाळल्यावर एक छटा गडद दिसतो. ताजं फूल समोर ठेवून नेमकी छटा जुळवणाऱ्याला हा हिशेब मनात ठेवावा लागतो.

यातून दोन रीती रूढ झाल्या. पहिली थरांची. आधी पार्श्वभूमी गडद भरून घ्यायची, तिच्यावर फुलाचा ढोबळ आकार, मग पातळ पारदर्शक थर एकावर एक चढवत जायचं आणि सर्वांत शेवटी उजेडाचे ठिपके. प्रत्येक थर वाळलेला असल्याने खालचा ढवळला जात नाही. पिवळ्यावर किरमिजीचा पातळ हात दिला की जास्वंदीच्या गाभ्याजवळची धग दिसू लागते. चुकलं तर वर पांढरा मारून पुन्हा सुरुवात करता येते. हौशी माणसाला हा रंग आपला वाटला तो बराचसा या मुभेमुळे.

दुसरी रीत एका फटकाऱ्याची. चपट्या ब्रशच्या एका कोपऱ्याला पांढरा आणि दुसऱ्याला रंग घ्यायचा, पॅलेटवर दोन-चारदा मागेपुढे फिरवून मधली छटा जमवायची आणि मग कॅनव्हासवर दाबून, वळवून उचलायचा. पाकळी छायाप्रकाशासकट तयार. दोन छटा ब्रशमध्येच मिसळलेल्या असल्याने कॅनव्हासवर विरवायला काही उरतच नाही. नॉर्वेच्या लाकडी पेट्यांवरच्या फुलकामात आणि पत्र्याच्या भांड्यांवरच्या नक्षीत अशी हातोटी जुनी होती. अमेरिकेत घर सजवणाऱ्या हौशी चित्रकारांनी ती बाटलीतल्या अ‍ॅक्रिलिकला लावली आणि गेल्या शतकाच्या अखेरीस डॉना ड्यूबेरी यांनी 'वन स्ट्रोक' या नावाने ती दूरचित्रवाणीवरून घरोघर नेली.

फुलांचं दुसरं दुखणं, म्हणजे रंग उडण्याचं, ते बरं करणारं औषधही कारखान्यांतूनच आलं. १९२८ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्रेंजमाउथच्या रंगकारखान्यात भांड्याचा मुलामा खराब झाल्याने निळसर भेसळ दिसली. त्या भेसळीच्या अभ्यासातून १९३५ मध्ये थॅलो निळा बाजारात आला. १९५८ मध्ये ड्यूपाँटने क्विनाक्रिडोन गटातले किरमिजी-जांभळे रंग आणले. मोटारींच्या रंगाला उन्हात वर्षानुवर्षं टिकेल अशी लाली हवी होती, तिचा मोठा आधार हे रंग ठरले. आज बोगनवेलीचा, गुलाबाचा, कर्दळीचा गुलाबी आपण ज्या ट्यूबमधून काढतो तिच्यात बहुतेकदा हेच क्विनाक्रिडोन असतं. व्हॅन गॉगला हा रंग मिळाला असता, तर मेट्रोपॉलिटनमधले त्याचे गुलाब आजही गुलाबी असते.

गंमत पुढे झाली. जो रंग लवकर वाळतो म्हणून गाजला, त्याचं वाळणं लांबवण्यासाठीच नंतर खटपट सुरू झाली. निवृत्त झालेल्या सॅम गोल्डनने १९८० मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या न्यू बर्लिन गावी गुरांच्या जुन्या गोठ्यात नवी रंगकंपनी काढली. २००८ मध्ये त्या कंपनीने मुद्दाम सावकाश वाळणारं अ‍ॅक्रिलिक आणलं. पाकळी विरवायला वेळ हवा, हे व्हान हाउसमचं म्हणणं अडीचशे वर्षांनी रसायनशास्त्रज्ञांनी मान्य केलं म्हणायचं.

आपल्या घरात

महाराष्ट्रात चित्रकलेच्या रंगांची गोष्ट दांडेकरांना सोडून सांगता येत नाही. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. त्यातून उंटाच्या छापाची 'कॅम्लिन' उभी राहिली. सुभाष दांडेकर यांच्या पिढीत कंपनी शाईकडून चित्रकलेच्या रंगांकडे वळली आणि शाळकरी दप्तरापासून कलाशाळेपर्यंत उंट पोचला. परदेशी ट्यूब ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्यांच्या हाती पहिलं अ‍ॅक्रिलिक बहुधा याच छापाचं आलं.

घरातल्या बाईच्या हाती अ‍ॅक्रिलिक ठेवलं ते दुसऱ्या एका मुंबईकर कंपनीने. बळवंत पारेख यांनी १९५९ मध्ये फेव्हिकॉल काढला. त्यांच्याच पिडिलाइटचं 'फेव्हिक्रिल' पुढे छोट्या बाटल्यांतून आलं आणि गावोगावी फॅब्रिक पेंटिंगचे वर्ग निघाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत चादरी, उशांचे अभ्रे, टीव्हीवरचं आच्छादन, ओढण्या, साड्यांचे पदर, काही म्हणता काही गुलाबांवाचून उरलं नाही. कापड लाकडी रिंगमध्ये ताणायचं, कार्बनने नक्षी उतरवायची आणि पाकळी बाहेरून आत भरत यायची. या वर्गांना कुणी कलाशाळा म्हणालं नाही. पण कॅनव्हास म्हणजेही कापडच, आणि आज हौशीने कॅनव्हासवर फुलं काढणाऱ्या अनेक बायकांच्या हाताला वळण लागलं ते या चादरींवर.

कलादालनातही हा रंग एव्हाना प्रतिष्ठित झाला होता. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून पॅरिसला गेलेले सय्यद हैदर रझा साठच्या दशकात तैलरंगाकडून अ‍ॅक्रिलिककडे वळले. जे. जे. मध्येच शिकलेल्या तैयब मेहतांचं १९९७ मधलं 'महिषासुर' हे कॅनव्हासवरचं अ‍ॅक्रिलिक. सप्टेंबर २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते १५ लाख डॉलरच्या वर गेलं. समकालीन भारतीय चित्राने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडण्याची ती पहिली वेळ. हे दोघे काही फुलांचे चित्रकार नव्हेत. पण 'हा तर प्लास्टिकचा रंग, तैलरंगाची सर त्याला कुठली' असं म्हणणाऱ्यांचा आवाज त्यानंतर खाली आला.

आपल्या हवेत या रंगाची तऱ्हा प्रदेशागणिक बदलते. नागपूरच्या मे महिन्यात पॅलेटवरचा गुलाबी रंग पाकळी पुरी होईस्तोवर कातडी धरतो. तिथे पाण्याची फवारणी जवळ हवी आणि रंग थोडा थोडाच काढायला हवा. रत्नागिरीच्या जुलैत हवाच पाण्याने भरलेली, त्यामुळे थर उशिरा वाळतो, चिकट राहतो आणि घाईने दुसरा हात दिला तर खालचा थर सोलून निघतो. ब्रश मात्र कुठेही एकदा रंगात वाळला की गेलाच.

सत्तर वर्षांचं आयुष्य

या रंगाचं कौतुक करताना दोन गोष्टी विसरू नयेत. हा पापुद्रा खोलीच्या तापमानाला किंचित मऊ राहतो, म्हणून धूळ त्यात रुतते. कडाक्याच्या थंडीत तो ठिसूळ होतो. कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून घातलेलं साबणी द्रव्य काही काळाने पृष्ठभागावर येऊन साचतं. तैलचित्र साफ करायची वापरातली अनेक द्रावणं याला चालत नाहीत. अल्कोहोल किंवा अ‍ॅसिटोन लागलं तर रंगच सुटतो. लंडनच्या टेट संग्रहालयाने या एका प्रश्नासाठी वर्षानुवर्षं संशोधन चालवलं आहे. दुसरी गोष्ट मोरीतली. ब्रश धुतलेल्या पाण्याबरोबर प्लास्टिकचे सूक्ष्म कण गटारात आणि पुढे नदीत जातात. ब्रश आधी चिंधीला पुसावा, उरलेला रंग पॅलेटवरच वाळू द्यावा आणि त्याचा पापुद्रा काढून कचऱ्यात टाकावा. एवढं तर सहज जमण्यासारखं आहे.

व्हान हाउसमची फुलं पावणेतीनशे वर्षांहून अधिक टिकली आहेत. पाण्यातल्या अ‍ॅक्रिलिकची सर्वांत जुनी चित्रं अजून पंच्याहत्तरीलाही पोचलेली नाहीत. कारखान्यातल्या चाचण्या आशा दाखवतात, पण अडीचशे वर्षांचा दाखला या रंगाजवळ नाही. तो दाखला आज चित्रं काढणाऱ्यांच्या कॅनव्हासवर तयार होतो आहे, मग तो दादरच्या वर्गातला असो वा न्यू जर्सीतल्या मराठी घरातला.

म्हणून शेवटी एक विनंती. चित्र पुरं झालं की ते उलटं करा आणि मागच्या लाकडी पट्टीवर पेन्सिलीने तारीख, कंपनीचं नाव आणि ट्यूबवर छापलेले रंगद्रव्याचे क्रमांक लिहून ठेवा. पीव्ही १९ किंवा पीआर १२२ म्हणजे क्विनाक्रिडोन, पीबी १५ म्हणजे थॅलो निळा. पीआर ८३ म्हणजे अ‍ॅलिझरिन, तो उजेडात फिका पडतो, शक्यतो टाळा. वॉर्निश दिलं असेल तर कोणतं तेही लिहा. पन्नास वर्षांनी कुणाच्या नातीला ते चित्र दुरुस्त करून घ्यायचं झालं, तर दुरुस्त करणाऱ्याला त्या दोन ओळींचा सर्वांत जास्त उपयोग होईल.